पुरुषी बेतणी आणि वसंतातील स्त्रीवेष

इसवी सन 1800 च्या नोव्हेंबर महिन्याच्या 7 तारखेस पॅरिस शहराच्या पोलीस कचेरीतून एक हुकूम जारी झाला, आणि त्या हुकमान्वये पुरुषाचा पोशाख अंगावर घालू इच्छिणाऱ्या प्रत्येक स्त्रीस कचेरीत समक्ष हजर होऊन, वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला दाखल करून, रीतसर परवाना घेणे बंधनकारक ठरले. अश्वचित्रांसाठी विख्यात झालेली चित्रकर्ती रोझा बोन्यर हिला घोडेबाजारात आणि कत्तलखान्यात तासन्‌तास उभे राहून जनावरांची अंगयष्टी न्याहाळावयाची असे, आणि चिखलात लोळणारा घोळदार झगा सावरीत ते काम होणे अशक्य असल्यामुळे तिने असा परवाना काढून घेतला होता. त्याची मुदत सहा महिन्यांची असे आणि ती सरली की तो नव्याने मिळवावा लागे. पुढे 1892 व 1909 साली निघालेल्या परिपत्रकांनी बाईच्या हाती सायकलीचा दांडा किंवा घोड्याचा लगाम असेल तर तिला विजार घालण्याची मुभा दिली. मूळ हुकूम मात्र दफ्तरात तसाच पडून राहिला, आणि समतेच्या घटनादत्त तत्त्वाशी तो विसंगत असल्यामुळे त्याचा अंमल संपुष्टात आला आहे, असे फ्रान्सच्या स्त्री-हक्क खात्याच्या मंत्रिणीने अधिकृतपणे जाहीर केले तेव्हा 2013 साल उजाडले होते. मार्च महिना लागताच पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथील दुकानांच्या दर्शनी काचांमागे स्त्रियांसाठी म्हणून जे रुंद खांद्यांचे कोट, ताठ कॉलरचे सदरे, चुण्यांच्या विजारी आणि लेसचे बूट आज मांडलेले दिसतात, त्यांच्यामागे सरकारी मनाईचा एवढा दीर्घ इतिहास आहे.

या वस्त्रांविषयी लिहिताना कशावर काय घालावे याच्या याद्या देण्याचा शिरस्ता पडला आहे. परंतु पुरुषी वस्त्राची मूळ रचना कशी असते आणि तिच्यातील कोणता गुण स्त्रियांनी आपलासा केला, हे ध्यानी आल्यावाचून अशा याद्यांचा उपयोग फार थोडा, असे माझे मत आहे. स्त्रीने पुरुषाकडून घेतली ती बेतणी. पुरुषासारखे दिसणे हा त्या व्यवहाराचा हेतू क्वचितच होता, आणि ज्या वेषांत तो हेतू डोकावतो ते वेष बहुधा फसलेले आढळतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील उमराव पुरुष आपल्या स्त्रियांइतकेच रेशीम, जरी आणि भरतकाम अंगावर वागवीत असे. पुढे राज्यक्रांतीच्या आणि उद्योगयुगाच्या काळात त्याने हा सारा अलंकार उतरवून ठेवला. या घटनेस मानसशास्त्रज्ञ फ्ल्यूगेल याने 1930 साली प्रसिद्ध केलेल्या वस्त्रविषयक ग्रंथात पुरुषांचा महान त्याग असे नाव दिले. अलंकार गेला तेव्हा शिंप्याचे सारे कसब बेतण्यात आणि आकार देण्यात एकवटले. लोकरीचे कापड वाफेने व इस्त्रीने ताणता येते, आक्रसता येते, आणि त्याला गोलाई देता येते. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीतील कारागिरांनी या गुणाचा उपयोग करून, वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घोड्याच्या केसांचे कॅनव्हास असंख्य बारीक टाक्यांनी बसवून, जो कोट सिद्ध केला त्याचा सगळा भार खांद्यांवर आणि मानेच्या मागच्या बाजूस पडतो. तेथून तो खाली लोंबतो, छातीवरून वळतो, कमरेशी किंचित आत येतो, आणि शरीरास कोठेही न आवळता त्याला एक रेखीव आकृती देतो. याउलट त्याच काळातील युरोपीय स्त्रीचा पोशाख कमरेभोवती उभारलेला असे: कॉर्सेट आवळायचा, त्याच्या आधारावर परकरांचे थर बांधायचे आणि त्यांवर झगा चढवायचा. एका रचनेत वस्त्र माणसाला झेलते, दुसऱ्या रचनेत माणूस वस्त्राला वाहून नेतो. स्त्रियांना पुरुषी कोटाचे जे आकर्षण वाटले त्याचे मूळ या भेदात आहे.

पुरुषी कोटाकडे स्त्रियांचा ओढा त्याहीपूर्वी घोड्याच्या पाठीवर दिसू लागला होता. सतराव्या शतकातील लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने 1666 च्या जून महिन्यात राजवाड्याच्या दालनात राणीच्या सहचरींना घोडेस्वारीच्या पोशाखात पाहिले; त्यांचे कोट हुबेहूब आपल्या कोटासारखे आहेत, आणि खाली लोळणारा परकर सोडला तर त्यांना स्त्रिया म्हणून ओळखणेही कठीण, असे त्याने नाराजीने नोंदवून ठेवले आहे. पुढे स्त्रियांचे इतर बहुतेक कपडे शिवणकाम करणाऱ्या बाया शिवू लागल्या. स्वारीचा कोट मात्र पुरुषांच्या शिंप्याकडेच जाई, आणि अशा रीतीने त्या शिंप्याची विद्या स्त्रीच्या अंगावर आली. 1880 च्या सुमारास वाइट बेटावरील काउझ या बंदरगावच्या रेडफर्न यांच्या पेढीने, शिडाच्या नौकांच्या शर्यती पाहावयास येणाऱ्या खानदानी स्त्रियांसाठी लोकरी कोट आणि साधा घागरा असा शिंपीकृत जोड करावयास घेतला, आणि घोड्यावरून उतरलेला कोट रस्त्यावर चालू लागला.

फ्रेंच वेषरचनाकार गाब्रिएल शानेल हिची कामगिरी याहून निराळी, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत मोलाची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, जेव्हा चांगल्या कापडाची टंचाई होती, तेव्हा तिने रोदिये यांच्या गिरणीतील जर्सी हे विणलेले मऊ कापड, जे तोवर मुख्यत्वे पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठीच वापरले जाई, स्त्रियांच्या उघड्यावर मिरवायच्या कोटांसाठी उचलले; आणि पुढील दशकात, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या सहवासात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वावरताना, शिकारीच्या कोटांचे खरबरीत ट्वीड तिच्या हाती लागले. परंतु तिचे खरे चातुर्य मुंढ्यात दिसते. मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती चूक आहे: मुंढा मोठा व खोल असेल तर हात वर करताच सबंध कोट त्याच्याबरोबर उचलला जातो, तोच मुंढा लहान आणि काखेच्या अगदी जवळ असेल तर हात स्वतंत्रपणे हलतो आणि कोट जागच्या जागी राहतो. ही गोष्ट शानेलने पुरुषी शिवणकामातून हेरली आणि आयुष्यभर सोडली नाही. 1954 साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, पुन्हा दुकान मांडताना तिने जो कोट पुढे आणला त्याच्या अस्तराच्या खालच्या कडेस आतून धातूची बारीक साखळी टाचलेली असे, आणि तिच्या वजनामुळे तो मऊ, बिनकॅनव्हासचा कोटही सरळ लोंबत राही. कॅनव्हासने साधणारे काम तिने साखळीकडून करवून घेतले.

पॅरिसचा वेषरचनाकार ईव्ह सँ लोराँ याचा 1966 सालचा स्मोकिंग हा संध्याकाळचा काळा पोशाख या इतिहासात नेहमी सांगितला जातो. त्याने पुरुषांचा जेवणाच्या मेजवानीचा कोट आणि बाजूला सॅटिनची पट्टी लावलेली विजार स्त्रीस दिली. धनिक गिऱ्हाइके बिचकली, परंतु त्याच वर्षी त्याने पॅरिसच्या डाव्या तीरावर तयार कपड्यांचे जे दुकान उघडले तेथील तरुण स्त्रियांनी तो उचलून धरला. या पोशाखाचा प्रभाव मोठा असला तरी तो हिवाळी रात्रीचा वेष आहे, आणि वसंताच्या उजेडात त्याचे अनुकरण करणाऱ्या स्त्रिया मला अकारण गंभीर दिसतात. दिवसाच्या उजेडाशी जुळणारे काम मिलानच्या जोर्जो आर्मानी याने केले. 1975 साली स्वतःची पेढी काढल्यावर त्याने पुरुषी कोटातील भराव आणि अस्तर काढून टाकले, खांदा उतरता केला, गुंड्या खाली आणल्या, आणि अंगावर सैल पडेल असे हलके कापड वापरले; पुरुषांसाठी योजलेला हा शिथिलपणा त्याने स्त्रियांच्या कोटांतही जवळजवळ तसाच नेला. आज वसंतात स्त्रिया जो मोठ्या मापाचा, मऊ, पुढून उघडा कोट वापरतात तो याच कोटाचा वंशज होय. आणि 1977 च्या ‘ॲनी हॉल’ या चित्रपटात डायेन कीटनने घातलेली जाकिटे, रुंद टाय आणि ढगळ खाकी विजार यांचे यश कशात होते, हे शोधू लागल्यास असे दिसते की त्यांतील एकही वस्तू कडक परीटघडीची नव्हती. सारे कपडे वापरून मऊ झालेले, आणि तिच्या अंगाच्या मानाने मुद्दाम मोठे होते.

खिशाविषयी येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या साऱ्या उसनवारीत सर्वांत निकडीची वस्तू तीच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय स्त्रिया कमरेला नाडीने बांधलेल्या कापडी पिशव्या परकराखाली वागवीत, आणि झग्याच्या बाजूच्या फटीतून हात घालून त्यांतून किल्ल्या, कात्री, पैसे काढीत. 1790 नंतर अंगासरशी पडणारे तलम झगे आले, त्यांखाली फुगीर पिशवी लपेना, आणि स्त्रीच्या हाती चिमुकली थैली आली. त्या दिवसापासून तिचा एक हात अडकला तो अद्याप पुरता सुटलेला नाही. पुरुषाचा कोट मात्र खिशांनी भरलेला राहिला: बाहेर दोन, छातीवर एक, आत एक-दोन. आजही तयार कपड्यांच्या दुकानांत स्त्रियांच्या कोटांना खिशाच्या नुसत्या झडपा लावून खाली काहीच न ठेवण्याची वाईट चाल आहे. कोट घेताना आधी खिशात हात घालून पाहावा, आणि तो बोटांच्या पेरांपाशीच अडला तर तो कोट परत टांगून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता वसंताकडे वळू. युरोपातील किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागातील एप्रिल महिना म्हणजे सकाळी बोचरी थंडी, दुपारी सुखद ऊन आणि मध्येच पावसाची सर. अशा दिवसात एकच जाड वस्त्र निरुपयोगी ठरते आणि काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ थर लागतात. हिवाळ्याचा ओव्हरकोट खुंटीला गेला की आतला कोट बाहेरचे वस्त्र होतो, त्याच्या खांद्याची रेषा प्रथमच उघड दिसते, आणि म्हणूनच पुरुषी बेतणीला हा ऋतू विशेष मानवतो. कापडाची निवड मात्र बदलली पाहिजे. हिवाळी सुटाचे कापड एका मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. वसंतासाठी अडीचशे ग्रॅमच्या सुमाराचे, जास्त पिळाच्या सुताचे आणि मोकळ्या साध्या विणीचे लोकरी कापड घ्यावे, ज्यातून वारा खेळतो आणि पडलेल्या चुण्या रात्रभर टांगून ठेवताच बहुतांशी निघून जातात. लिननची गोष्ट उलट आहे. जवसाच्या जातीच्या झाडाच्या खोडापासून निघणारा हा धागा घाम झटकन शोषतो आणि वाळतोही लवकर, परंतु त्याला लवचीकपणा जवळजवळ नसल्यामुळे दुमडला की दुमड कायम धरतो. लिननचा कोट चुरगळणारच, आणि ज्या स्त्रीला ते खपत नाही तिने त्याच्या वाटेस जाऊ नये. सीअरसकर या सुती कापडात ताण्याचे काही धागे घट्ट आणि काही सैल ठेवून विणतात, त्यामुळे एकाआड एक पट्ट्यांत कापड आकसून खडबडीत होते, अंगाला सर्वत्र चिकटत नाही, आणि त्याला इस्त्रीची गरजही पडत नाही. आपल्या पूर्व किनाऱ्यावर हातमागावर विणले जाणारे मद्रासी चौकडे, ज्यांचे रंग प्रत्येक धुण्यात थोडे उतरून एकमेकांत मिसळतात, ते 1950-60 च्या काळात अमेरिकेत पुरुषांच्या वासंतिक कोटांचे आवडते कापड झाले. त्या चौकड्यांचा कोट पांढऱ्या सदऱ्यावर घालणारी स्त्री आज तेथे दिसते तेव्हा त्या कापडाचा अर्धा जीवनक्रम हिंदुस्थानात गेलेला असतो.

पावसाच्या सरीसाठी ट्रेंचकोट आहे. टॉमस बर्बरी याने इंग्लंडातील बेझिंगस्टोक गावी 1879 च्या सुमारास गॅबर्डीन हे कापड तयार केले आणि 1888 साली त्याची सनद मिळवली. त्यात सूत विणण्यापूर्वीच जलरोधक करून मग दाट तिरकस विणीत विणले जाई. पहिल्या महायुद्धात लष्करी अंमलदारांसाठी या कापडाचा जो कोट बेतला गेला त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या, छातीवरची झडप आणि कमरपट्ट्याच्या कड्या आजतागायत तशाच आहेत. तो पट्टा बकलात न अडकवता सैल गाठ मारून बांधण्याची स्त्रियांची रीत मला योग्य वाटते, कारण त्यामुळे त्या लष्करी वस्त्राची कडकी थोडी उतरते.

परिधानाचा मुख्य प्रश्न प्रमाणाचा आहे. मोठ्या मापाचा कोट घातला असेल तर खाली काही तरी आटोपशीर किंवा लोंबते हवे: अरुंद मोहरीची विजार, नाही तर पोटरीपर्यंत अंगासरशी उतरणारा सॅटिनचा घागरा. कोटही ढगळ आणि विजारही ढगळ, असा वेष उंच स्त्रीलाच पेलतो, आणि तिलाही कमरेची रेषा कोठे तरी दाखवावी लागते. आतला सदरा विजारीत खोचला तरी ती दिसते. चुण्यांची विजार घेताना आसन नीट पाहावे. पुरुषी विजारीचे आसन खोल असते आणि ती नाभीच्या पातळीवर बसावी अशी बेतलेली असते. तीच विजार कटीच्या हाडांवर उतरू दिली तर मागे झोळ पडतो, पुढच्या चुण्या फाकतात, आणि दोष विनाकारण अंगाच्या माथी मारला जातो. पुरुषाचा सदरा पांढऱ्या किंवा फिकट निळ्या पॉपलिनचा घ्यावा, वरच्या दोन गुंड्या सोडाव्यात, बाह्या कोपराखालीपर्यंत दुमडाव्यात. मनगट उघडे पडले की एरवी जड वाटणारा सबंध वेष हलका होतो, आणि कोटाच्या बाह्या किंचित वर सरकवण्याची जी सवय सर्वत्र दिसते तिचे कारण हेच आहे. वेस्टकोट एकटाच, उघड्या बाहूंवर, विजारीबरोबर घातलेला उन्हाच्या दिवसांत शोभतो. टायविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. बाकीचे सारे पुरुषी असताना तिची भर घालणे म्हणजे नाटकातील सोंग होय. पायात लोफर किंवा लेसचे सपाट बूट असावेत, आणि विजारीची मोहरी घोट्याच्या किंचित वर संपावी.

एकाच वेळी किती पुरुषी वस्तू वापराव्यात, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. कोट पुरुषी असेल तर इतर कपड्यांत पडणारे, वाहणारे, मऊ असे काही तरी असले पाहिजे, कारण बेतलेल्या कापडाची रेषा न बेतलेल्या कापडाशेजारीच उठून दिसते. रंगांची गोष्टही अशीच: राखाडी, गडद निळा आणि खाकी हे पुरुषी कपड्यांचे रंग वसंताच्या उजेडात निस्तेज वाटतात, आणि त्यांच्याशेजारी लोण्याच्या रंगाचा, फिकट गुलाबी किंवा कोवळ्या पोपटी रंगाचा एकच सदरा ठेवला तर ते जिवंत होतात.

महाराष्ट्रात हा विषय आणताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की स्त्री-पुरुषांच्या वेषातील जी भिंत पॅरिसच्या पोलीस कचेरीने कायद्याने उभी केली ती आपल्याकडे त्या जागी नव्हतीच: नऊवारी लुगड्याचा काष्टा धोतराच्या काष्ट्याप्रमाणेच दोन पायांमधून मागे खोचला जातो, आणि शेतात लावणी करणाऱ्या किंवा बंदरावर मासळी उतरवणाऱ्या स्त्रीच्या पायांना त्याने विजारीइतकेच स्वातंत्र्य दिले. दुसरी गोष्ट हवामानाची. आपला चैत्र म्हणजे त्यांचा एप्रिल नव्हे; नागपुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीपलीकडे जात असताना अस्तराचा कोट घालणे ही स्वतःस दिलेली शिक्षा होय. आपल्याकडे अस्तराच्या कोटाचे दिवस म्हणजे पुण्या-नाशकाच्या पौष-माघातील सकाळी. फाल्गुनापासून पुढे पुरुषी बेतणीचे बिनअस्तरी, बिनबाह्यांचे प्रकार तेवढे उरतात, आणि ते पुष्कळ आहेत. खादीचे जाकीट, हातमागाच्या साडीखाली पोलक्याऐवजी घातलेला कॉलरचा पांढरा सदरा, लिननच्या विजारीवर पुरुषी मापाचा झब्बा, पायात कोल्हापुरी चप्पल: यांत उसने घेतल्याची खूणही राहत नाही. संभाजीनगरचे हिमरू कापड, जे निजामी अमदानीत शेरवान्यांसाठी विणले जाई, त्याचे आखूड बिनबाह्यांचे जाकीट साध्या सुती साडीवर घालून पाहावे, अशी माझी शिफारस आहे.

वडिलांचा किंवा भावाचा जुना कोट घरात असेल आणि तो वापरण्याची इच्छा असेल, तर शिंप्याकडे नेण्यापूर्वी आरशासमोर उभे राहून फक्त खांदा तपासावा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकापासून बोट-दोन बोटे बाहेर पडत असेल तर चालते, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते आजकाल इष्टच मानले जाते. त्याहून अधिक बाहेर असेल तर बाही उसवून मुंढा नव्याने बेतावा लागतो, त्यात कॅनव्हासची जुळणी मोडते, आणि मजुरी नव्या कोटाएवढी होते. कमर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेणे हे तुलनेने सोपे काम आहे. बाही मनगटापाशी दोन-अडीच इंच आखूड करता येते, मात्र तेथील काज खरे कापलेले असतील तर ती खांद्याच्या बाजूने आखूड करावी लागते, आणि ते काम चांगल्या कारागिरालाच सांगावे. लांबी मात्र कमी करू नये. कोट खालून कापला की खिसे त्याच्या कडेशी येऊन टेकतात आणि सगळे प्रमाण बिघडते. गुंड्या पुरुषी कोटाला उजव्या अंगास आणि स्त्रियांच्या कोटाला डाव्या अंगास असतात. त्या हलवून घेण्याचा सल्ला एखादा शिंपी देईल, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण जुने काज बुजवल्याच्या खुणा कापडावरून कधीच जात नाहीत, आणि डावी बाजू वर आणून गुंडी लावण्याची सवय थोड्याच दिवसांत होते.